आर म्हणजे राइट

"ढकलू नका! फुंकर सगळ्यांना मिळणार आहे!"

जुन्या गोदामासमोरची रांग पार बसथांब्यापर्यंत गेली होती. कुणाला ताप, कुणाला घसा, कुणाला लघवीची जळजळ. आत पुडीवाले बाबा पांढऱ्या भुकटीची पुडी कपाळाला लावत, तिच्यावर फुंकर मारत आणि बजावत, "एकच पुडी! बरं वाटलं की थांबायचं. हाव केलीत तर गुण उलटेल!" आणि खरंच, दोन दिवसांत माणूस हिंडाफिरायला लागे.

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवते. हो, वाढवते. आजाऱ्याचे जंतू काचेच्या ताटलीत वाढवायचे, त्यांच्यावर औषधांच्या टिकल्या ठेवायच्या आणि कुठलं औषध त्यांना मारतं ते पाहायचं. औषध लागू पडलं की टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल कडं उमटतं. फुंकरीनं कडं उमटलेलं मी तरी पाहिलेलं नाही. म्हणूनच त्या रांगेत माझी सख्खी ताई दिसली तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"तू? माझी बहीण असून?"

"मग काय करू? तुझ्या रुग्णालयातल्या गोळ्या पाच दिवस गिळल्या, जळजळ तसूभर हलली नाही. इथे एका पुडीत आराम. आज चौथी."

"अगं, चौथी लागतेय म्हणजे तीन वेळा बरं झालंच नाही!"

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणत ती पुढे सरकली.

महिन्याभरात ताईला थंडीनं कुडकुडत रुग्णालयात आणलं. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. तिची ताटली मी स्वतः लावली. बारा औषधांच्या टिकल्या ठेवल्या. दोन दिवसांनी पाहते तर अकरा टिकल्यांना जंतू अगदी खेटून वाढलेले. कडं फक्त एकीभोवती, आणि नेमकं तेच औषध रुग्णालयाच्या भांडारात नव्हतं.

मी तडक आरोग्य समितीच्या अध्यक्षांकडे गेले. औषधांच्या यादीवर सही त्यांचीच असते. टेबलावर माझे तीन वर्षांचे अहवाल नीट फाइल करून ठेवले होते. शहरात कुठलं औषध चालतं, कुठलं निकामी झालंय, सगळं त्यात होतं.

"साहेब, हे वाचलंत का?"

"वाचलं म्हणजे? तंतोतंत पाळलंय! ज्या औषधापुढे जास्तीत जास्त 'आर', तेच मागवतो."

"आर?"

"आर म्हणजे राइट. आणि एस म्हणजे स्टॉप. बरोबर ना?"

नेमकं उलटं! एस म्हणजे औषध लागू पडतं. आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाहीत. या भल्या माणसानं तीन वर्षं अगदी वेचून वेचून निकामी औषधं मागवली होती! गोळ्यांनी गुण येईना, म्हणून लोक बाबांकडे पळत होते. चिडू तरी कुणावर? त्या दोन अक्षरांचा अर्थ मी एकाही पानावर लिहिला नव्हता.

औषध दुसऱ्या शहरातून आलं, तोवर दीड दिवस गेला. ताई वाचली. डावं मूत्रपिंड मात्र पूर्वीसारखं झालं नाही.

तिच्या पर्समध्ये बाबांची एक पुडी उरली होती. ती मी प्रयोगशाळेत नेली आणि पुढच्या रविवारी झाकणं चिकटपट्टीनं बंद केलेल्या दोन ताटल्या घेऊन गोदामात उभी राहिले. ताई ऐकेना, तीही आली.

"पाहा! या ताटलीत साधे जंतू. इकडे साखर टाकली, काही झालं नाही. इकडे बाबांची पुडी टाकली, तर हे कडं! पुडीत जंतू मारणारी गोळी कुटून घातलीय. फुंकरीचा काही संबंध नाही!"

मला वाटलं, आता लोक खवळतील. कसलं काय!

"म्हणजे खरं औषध आहे!" एक आजी आनंदानं म्हणाली.

"मी कधी नाही म्हटलं?" बाबा गोड हसले. चक्क टाळ्या पडल्या. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात भिंतीचा आधार घेत ताई पुढे आली. "दुसरी दाखव. ती माझी आहे."

दुसऱ्या ताटलीत ताईचे जंतू होते. त्यांच्यावर तीच पुडी टाकली होती, पण कड्याचा पत्ता नव्हता.

"दर वेळी बरं वाटलं आणि मी थांबले," ताई म्हणाली. "कच्चे जंतू मेले, चिवट उरले. त्या चिवटांचीच पिलावळ वाढली. शेवटी पुडी सोडाच, अकरा औषधं चालेनात. बाबा, मारा या ताटलीवर फुंकर. एक जंतू मारून दाखवा."

बाबांनी ताटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. "श्रद्धा कमी पडली."

"कुणाची? जंतूंची?" मागून कुणीतरी विचारलं आणि हशा उसळला. ती आजी मात्र हसली नाही. हातातली पुडी तिनं बाबांच्या पाटावर परत ठेवली.

आता रांग निम्मी झालीय. निम्मी अजून आहेच, आणि माझा रागही आहे. चाचणीवाचून जंतू मारणारी औषधं कुणी द्यायची नाहीत, असा नियम मी लिहून दिला. अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या बैठकीत लागू करू." तशा दोन बैठका होऊन गेल्या. माझ्या अहवालात आता आर नाही, एस नाही. सरळ लिहिते: लागू पडतं, लागू पडत नाही.

तुम्हीही कुणी काही हातावर ठेवलं तर तोंडात टाकण्याआधी विचारा. यात काय आहे? मला लागू पडेल कशावरून? किती दिवस घ्यायचं? समोरचा डॉक्टर असो की बाबा, विचारा. आणि आमच्या कागदावरचं एखादं अक्षर कळलं नाही, तर तेही विचारा. मला तीन वर्षं कुणी विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही.