हेडमास्तर व्याही होतात

कोरियातल्या तोंगयोंग बंदरात मासळीबाजारामागे नागरिक केंद्र आहे. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आमचा मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग भरतो. मी त्याची चिटणीस. तीस वर्षं लिलावाच्या काट्यावर बसून मासळीची वजनं लिहिली, त्यामुळे दिसेल त्याची नोंद करायची खोड जडलेली. हजेरीच्या वहीत मी एक जादा रकाना आखला होता, कोण किती वाक्यं बोललं याचा. तीन आठवडे झाले, वर्ग सहा झाले, माणसं अकरा, आणि त्या रकान्याची बेरीज शून्य.

दोष शिकवणाऱ्या प्यो बाईंचा नव्हता. एकतीस वर्षांची बाई, आवाज मऊ, चुकलं तरी चालेल असं रोज सांगायची. पण चुकायला आधी तोंड उघडावं लागतं, आणि ते उघडायचं कुणी? पहिल्या बाकावर बेक हेडमास्तर बसलेले. वय एकोणऐंशी, बाजारातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच पाढे शिकवलेले. त्यांच्याआधी आम्ही बोलणं म्हणजे जेवताना थोरांच्या आधी चमचा उचलणं. आणि ते काही बोलत नव्हते, कारण चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांभोवती लाल शाईने गोल काढलेल्या माणसाला स्वतःची चूक परवडत नाही. बाईंनी प्रश्न विचारला की आम्ही दहाजण त्यांच्या मानेकडे बघायचो आणि ते पुस्तकाकडे.

यात खरी कोंडी झाली हा-यॉनच्या आईची. तिचं सुक्या मांदेलीचं दुकान, नवरा गेलेला, एकुलती एक मुलगी हा-यॉन कॅनडात, तिचं लग्न तिथल्याच मुलाशी ठरलेलं. त्याचे आईवडील महिनाभरात येणार होते, दोन्ही घरांची बैठक बसणार होती. अशा बैठकीत मुलीच्या आईने एक गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगायची असते, की माझं लेकरू आता तुमच्या हाती. ती मुलीनेच दुभाषी होऊन सांगायची म्हणजे नवरीने आपली पाठवणी आपणच करायची.

"ताई, हे मला हा-यॉनकडून वदवून घ्यायचं नाही," ती मला म्हणाली.

मग वर्गात बोल की, मी म्हटलं.

"हेडमास्तरांच्या आधी? जीभ झडेल माझी."

शेवटी मीच बाईंच्या कानावर घातलं. मला वाटलं, बाई हेडमास्तरांची समजूत काढतील, नाहीतर हिला एकटीला वेगळं शिकवतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. आठवडाभर नुसत्या बघत राहिल्या, आणि शुक्रवारी वर्ग सुटताना हेडमास्तरांपुढे वाकून उभ्या राहिल्या. बैठकीची रंगीत तालीम घ्यायची आहे, मुलाच्या बापाच्या जागी भारदस्त माणूस हवा, दुसरं कुणी शोभणार नाही. एकच अडचण, त्या माणसाला आपली भाषा येत नाही.

हेडमास्तरांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि हो म्हणाले. भारदस्त हा शब्द लागू पडला, असं मी मनात टिपलं. बाईंचा हिशेब माझ्या पुढचा होता, हे घरी गेल्यावर उमगलं. आमच्यात व्याह्याव्याह्यांत लहानमोठं नसतं. वयात वीस वर्षांचं अंतर असलं तरी मान सारखाच. हेडमास्तर एकदा व्याही झाले, की हा-यॉनची आई त्यांच्याआधी बोलायला मोकळी, आणि कुणाची पायरीही उतरत नव्हती.

मंगळवारी बाकं जोडून टेबल केलं. समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताचे गिमबाप आले, मुळ्याचं आंबवलेलं किमची आलं, मांदेली अर्थात दुकानातली. हेडमास्तर टाय लावून आले. हा-यॉनच्या आईशी हात मिळवला, खणखणीत इंग्रजीत 'शुभ रात्री' म्हणाले आणि खाली बसले. सकाळचे साडेदहा वाजले होते.

कुणी हसलं नाही. हसणार कोण? त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कान लाल झाले. प्यो बाई चहा ओतत होत्या. त्यांनी ना हात थांबवला, ना चूक दुरुस्त केली. सावकाश इंग्रजीत एवढंच विचारलं, की विमानाचा प्रवास फार लांबचा झाला का.

हेडमास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे वळून आपल्या भाषेत म्हणाले, "या माणसाच्या घड्याळात अजून रात्रच आहे. शिवाय त्याची इंग्रजी कच्ची दिसते. त्याला मी काय करणार?"

मग जे हसू फुटलं, त्यात आमच्यातल्या तिघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते विरायच्या आत हा-यॉनच्या आईने थाळी पुढे सरकवली आणि इंग्रजीत म्हणाली, "खा. मासे माझ्या दुकानातले." व्याह्यांनी खाल्ले. खारट आहेत म्हणाले, तेही इंग्रजीत. ती म्हणाली, मग भात जास्त घ्या.

त्या दिवशी रकान्यात त्रेचाळीस वाक्यं भरली. त्यातली चुकीची वेगळी काढू का, मी बाईंना विचारलं.

"मासळी डोक्यासकटच तोलता ना, चिटणीसबाई? मग हीसुद्धा तशीच धरा."

एवढ्याशा पोरीने मला माझ्याच काट्यावर तोललं. पण राग काही आला नाही, मी त्रेचाळीसचाच आकडा लिहिला.

खऱ्या बैठकीला आम्ही कुणी नव्हतो. ती झाल्यानंतरच्या शुक्रवारी हा-यॉनच्या आईने वर्गात सांगितलं ते असं. बोलायची वेळ आली तशी मुलगी दुभाषी व्हायला सरसावली. हिने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि विहीणबाईंकडे बघून स्वतःच म्हणाली, माझी मुलगी हट्टी आहे, खोटं बोलत नाही, आता ती तुमचीही. विहीणबाईंनी डोळे पुसले आणि एका दमात इतकं काही बोलल्या, की हिला त्यातलं अक्षर कळलं नाही.

मग तू पोरीकडे बघितलंस, मी म्हटलं.

"नाही बघितलं. म्हटलं, पुन्हा सांगा, हळू."

"मग?" हे हेडमास्तरांनी विचारलं.

"सांगितलं की तिने. हळू. सांभाळू म्हणाली."