बांधावरचा लिंब

सलीमनं गुडघे टेकून बांधाच्या पायथ्याशी ओल्या मातीत बोट खुपसलं आणि शिवम्मापुढं धरलं.

“आक्का, हे तळ्याचं पानी हाय. लिंबाच्या मुळीवाटं येतंय.”

सिरसाळ्याजवळच्या माळावरचं हे तळं शिवम्माच्या नवऱ्यानं, ईश्वरप्पांनी, स्वतःच्या रानात बांधलं होतं. ईश्वरप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून बांधाची देखभाल तीच करी. उंदरांची बिळं बुजवायची, बाभळीची रोपं दिसली की उपटायची, सांडव्यात अडकलेला पालापाचोळा काढायचा. तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीचा व्हॉल्व्ह तेवढा सलीमकडे. परळीत मोटारी दुरुस्त करणारा हा माणूस दर मे महिन्यात येऊन त्याला ग्रीस लावून जाई.

“मंग काय करावं म्हनतोस?”

“लिंब काढायचा. नुसता तोडून भागनार न्हाई, मुळ्यासकट. मुळ्या आत कुजल्या की पान्याला आयती वाट.”

“त्यांनी लावलाय त्यो,” शिवम्मा तडकली. “त्यांना कळत नव्हतं व्हय?”

“लावला तवा बोटाएवढा आसंल, आक्का.”

शिवम्मानं खाली पाहिलं. बांधाखाली हाकेच्या अंतरावर म्हाळूच्या वस्तीवर चूल पेटली होती. चार घरं, पाचपंचवीस माणसं. बांध फुटला तर पाणी आधी तिथंच शिरणार.

“खरं सांगू का सलीम? त्यांना कळत हुतं. येकदा कुदळ घिऊन गेलते लिंबाकडं. मीच आडवी आले. म्हनलं, एवढ्या मोठ्या माळावर येकच सावली, ती कावून तोडता? हसले न् माघारी आले.”

सलीम मातीनं भरलेलं बोट पुसत राहिला.

“मानसं बोलाव,” ती म्हणाली. “पानी तळाला हाय तवरच.”

लिंब एका दिवसात आडवा झाला. मुळ्यांनी मात्र सहा दिवस खाल्ले. मांडीएवढी एक मुळी थेट त्या ओलीकडं गेलेली निघाली, आतून कुजून पोकळ झालेली. शिवम्मानं त्यात हात घातला. कोपरापर्यंत गेला.

न बोलावता म्हाळू आपल्या माणसांना घेऊन आला. खड्ड्यात काळ्या मातीचा वीतभर थर, वर पाणी शिंपायचं, धुमसानं ठोकायचं, मग पुढचा थर. शिवम्मा काठावर बसून होती. माती ढिली वाटली की म्हणे, “आजून हाना.” आणि ते हाणत.

श्रावणात तळं भरलं. सांडवा वाहू लागला. सलीम मुद्दाम बघायला आला, पायथ्याशी ठिकठिकाणी बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, “लई झ्याक. ठणठणीत कोरडं हाय.”

तो गेल्यावर शिवम्मा बांधावरून एकटीच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. ऊन चांगलंच तापलं होतं. सावलीत टेकायला जागा नव्हती. ती उतरून म्हाळूच्या अंगणात गेली. त्याची बायको मंजुळाबाई शेंगा फोडत होती.

“पडा जरा, आक्का,” म्हणत तिनं छपरातल्या बाजेवरचं सूप उचललं.

शिवम्मा आडवी झाली. समोर बांध होता, त्यामागं काठोकाठ पाणी. तिनं डोळ्यांवर पदर ओढला आणि मंजुळाबाईनं चहा टाकेपर्यंत तिला गाढ झोप लागली.