रिकाम्या गोलमधला दादू

थळच्या दर्यादौलत स्पोर्ट्स क्लबला पन्नास वर्षं झाली, तेव्हा मैदानाच्या तोंडाशी कमान उभारायचं ठरलं. खर्च बर्फाच्या कारखान्याचे बाळाजी करणार होते. क्लबचे अध्यक्षही तेच असल्यामुळे त्यांचं नाव कमानीवर दोनदा येणार होतं. शिवाय गणपती, होडी आणि फुटबॉल यांची चित्रं होती. एवढं सगळं झाल्यावर मधोमध एका खेळाडूचं नाव बसेल इतकीच जागा उरत होती. त्यामुळे क्लबचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, हे ठरवणं भाग पडलं.

नावं दोन निघाली. एक अंबाजी. क्लबच्या पहिल्या वर्षांतला सेंटर फॉरवर्ड, ओहोटीच्या ओल्या वाळूत अनवाणी खेळलेला, आता सत्तरीला टेकलेला आणि गुडघ्यांनी बेजार. दुसरा मितेश. चोवीस वर्षांचा, मुंबईत एका बँकेच्या संघाकडून खेळणारा, शनिवारी घरी येऊन रविवारी क्लबसाठी उतरणारा.

वाद महिनाभर चालला आणि कुठेच जाईना. मितेशच्या गोलांचे व्हिडिओ होते, त्यामुळे ते जेवढे होते तेवढेच राहिले. अंबाजीच्या गोलांचे व्हिडिओ नव्हते, त्यामुळे ते दरवर्षी थोडे अधिक लांबून मारले जात. मुरुडविरुद्धचा त्याचा एक गोल मूळचा पेनल्टीच्या जागेजवळचा होता. तो आता जवळजवळ मच्छीबाजारातून मारला गेला होता. मितेशच्या बाजूचे म्हणत, त्या काळी समोर होतं कोण? अंबाजीच्या बाजूचे म्हणत, बूट काढून ये, मग बोलू. कमिटीने दोन्ही काळ सारखे करायचा प्रयत्न करून पाहिला. मितेशला अनवाणी करून त्याच्यापुढे पाण्यात भिजवलेला चेंडू ठेवला. अंबाजीला मितेशचे बूट घातले. मितेशचा अंगठा सुजला आणि अंबाजी खेकड्यासारखा तिरका चालत घरी गेला.

शेवटी बाळाजींनी तोडगा काढला की दोघांनी एकाच गोलकीपरवर पाच-पाच पेनल्टी माराव्यात. पण आताचा गोलकीपर मितेशचा मावसभाऊ निघाला. दोन्ही काळांना मान्य होईल असा गोलकीपर थळमध्ये एकच झाला होता, तो म्हणजे दादू, आणि त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

ही चर्चा बर्फाच्या कारखान्याच्या दारात चालली होती. दादूची बायको भागुबाई टोपलीत बर्फ भरून घेत होती. मासळी विकून तिचा आवाज खणखणीत झालेला होता, पण हे ती हळूच बोलली.

"मग ह्यांनाच उभं करा की."

कुणी हसलं नाही, कारण तिच्या तोंडावर हसू नव्हतं. ती म्हणाली की दादू कुठे डावीकडे जायचा, कुठे कमी पडायचा, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. सगळे सामने तिने बोंबील वाळत घालताना बघितले होते. दादू झोपेतसुद्धा झेपा घ्यायचा आणि नेहमी डावीकडे, म्हणून ती जन्मभर उजवीकडे निजली. तर दोघांनी रिकाम्या गोलवर मारावं, आणि दादूने अडवला की नाही ते ती सांगेल. मात्र एक अट होती. दादूला नुसतं मोजमापाला वापरायचं नाही. त्याचंही नाव स्पर्धेत धरायचं.

बाळाजींनी खूप विचार केला. त्यांना यात काही चूक सापडेना.

रविवारी दुपारी ओहोटीला अख्खं गाव किनाऱ्यावर जमलं. गोलच्या खांबाशेजारी भागुबाईसाठी स्टूल ठेवलं. शिट्टी बाळाजींकडे होती.

मितेशने पहिला चेंडू खाली डावीकडे मारला. तो जाळीत जाऊन बसला.

"अडवला," भागुबाई म्हणाली.

मितेशने चेंडू जाळीत असल्याचं दाखवून दिलं. भागुबाईने मान्य केलं की चेंडू जाळीत आहे, पण डावीकडे दादू आधीच पोचलेला असायचा. गावातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. बाळाजींनी निकाल कायम केला.

दुसरा उजव्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात गेला. "ह्यो गेला," ती लगेच म्हणाली. "उंच चेंडूला ह्यांचा हात पुरत न्हवता." नवऱ्याचा गोल तिने असा सरळ देऊन टाकल्यावर लोकांचा तिच्यावर विश्वास बसला. तिसरा मधोमध होता. तो दादूने अडवला, पण हातातून सुटला, म्हणून मितेशला पुन्हा मारायला लावलं. तोवर दादू उठून उभा राहिला होता आणि त्याने तोही घेतला.

मितेश आधी चिडला होता. पण आता चेंडू ठेवल्यावर तो गोलकडे बघायला लागला. चौथ्या खेपेला त्याने पाय डावीकडे उचलला, अंग डावीकडे झुकवलं आणि ऐन वेळी हळूच उजवीकडे मारलं. रिकाम्या गोलला त्याने हूल दिली होती.

भागुबाईने तोंडाला पदर लावला. "फसले," ती म्हणाली. "साफ फसले ओ." ती हसतेय हे पदराआडूनही कळत होतं. मितेशला मुंबईत कुठल्या गोलचा झाला नसेल इतका आनंद त्या गोलचा झाला, आणि त्या भरात त्याने पाचवा बाहेर मारला.

मग अंबाजी आला. धोतर खोचून, अनवाणी. तो धावत निघाला, पण वाटेत गुडघ्याने घात केला आणि चेंडूला नुसता अंगठा लागला. चेंडू रांगत रांगत गेला आणि रेषेच्या हातभर अलीकडे थांबला.

"गोल," भागुबाई म्हणाली.

सगळ्यांत आधी अंबाजीच बोलला. "वैनी, चेंडू पोचला तरी का?"

"तुमच्या वख्ताला ह्ये बाजूला व्हायचे," ती म्हणाली. "सरावाला कायम. म्हनायचे, अंब्याचा गोल अडवला की त्याचं मन मोडतं, मग तो सामन्यात खेळत न्हाय."

अंबाजी तिथेच उभा राहिला. दादू त्याचा जिवाभावाचा मित्र होता. रोज संध्याकाळी दादूवर मारलेले गोल हीच त्याच्या आयुष्यातली सर्वांत पक्की गोष्ट होती. सामन्यांचे गोल लोकांनी वाढवले होते, हे त्याला स्वतःला माहीत होतं. सरावाचे मात्र खरे होते, असं तो धरून चालला होता. त्याचा चेहरा उतरला. मग तो चिडला, पण भागुबाईवर नाही. त्याने रिकाम्या गोलकडे बोट केलं आणि म्हणाला, "दादू, आज बाजूला झालास तर तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाय."

त्याने पुन्हा मारलं. भागुबाईने गोल दिला. पुन्हा मारलं, पुन्हा गोल. पाच कधीच होऊन गेल्या होत्या, पण शिट्टी वाजवून त्याला थांबवायचं धाडस बाळाजींना होईना. तसे सगळे गोल अंबाजीच्या नावावर जमा होत होते आणि प्रत्येक गोलला त्याचे समर्थक अधिकच खाली बघत होते. भरती सुरू झाली. पाणी आधी गोलच्या खांबांना लागलं, मग स्टुलाच्या पायांना. भागुबाईने पाय वर घेतले, पण ती उठली नाही.

तेवढ्यात एक फटका बरोबर बसला. कसा ते अंबाजीलाही कळलं नाही. चेंडू पाण्यावरून सणसणत गेला, डाव्या कोपऱ्यात शिरला आणि जाळी मागे ताणली गेली. तीस वर्षांत त्याने असा चेंडू मारला नव्हता. सगळं गाव भागुबाईकडे वळलं.

ती बराच वेळ गोलकडे बघत राहिली.

"अडवला," ती म्हणाली.

अंबाजीने दोन्ही हात वर केले. गुडघाभर पाण्यातून तो गोलपर्यंत गेला आणि डाव्या खांबाजवळ कुणाच्या तरी पाठीवर थाप मारावी तशी हवेत थाप मारली. मागे वळला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "बघितलंत?" तो सगळ्यांना विचारत होता. "अडवला त्यानं. माझा अडवला."

नाव दादूचं लागलं. अंबाजीनेच ते सुचवलं आणि मितेशने हात वर केला. घरी जाताना मितेशने भागुबाईचं स्टूल उचलून घेतलं आणि वाटेत विचारलं, आजी, तो शेवटचा खरंच अडवला असता का? ती म्हणाली, डावीकडचा होता ना. मग तिने त्याला त्याची ती हूल पुन्हा करून दाखवायला सांगितली.

ही बातमी किनाऱ्याने खाली गेली. पुढच्या महिन्यात श्रीवर्धनहून सुपारीच्या बागेतले दत्तात्रेय गाडी करून आले. त्यांचा थोरला भाऊ तिकडच्या संघाचा नावाजलेला खेळाडू. तोही वारलेला. त्यांचं म्हणणं होतं की दादूला सर्वांत मोठा ठरवण्याआधी त्याला माझ्या भावापुढे उभं करायला हवं होतं. बाळाजींना हे रास्त वाटलं.

पुन्हा गाव जमलं. चेंडू पेनल्टीच्या जागेवर ठेवला. भागुबाई स्टुलावर बसली, दत्तात्रेय चेंडूच्या मागे जाऊन बाजूला उभे राहिले. शिट्टी वाजली. चेंडूला कुणी हात लावला नाही, पाय तर नाहीच.

"मारला," दत्तात्रेय म्हणाले. "उजवीकडे. उंच."

लोकांच्या तोंडून हाय निघाली, कारण दादूचा हात उंच पुरत नाही हे आता सगळ्यांना माहीत होतं. भागुबाई स्टुलावरून उठली. डोळ्यांवर आडवा हात धरून तिने गोलच्या वर, पार समुद्रापर्यंत बघितलं.

"बाहेर गेला," ती म्हणाली.

दत्तात्रेय सावकाश चालत गोलच्या मागे गेले, वाळूत इकडेतिकडे बघितलं आणि परत आले.

"होय," ते म्हणाले. "थोडक्यात गेला."

टाळ्या पडल्या, दोन्ही बाजूंसाठी. चहा आला. अंबाजी चेंडू आणायला म्हणून समुद्राकडे निघाला आणि बराच पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की चेंडू जागेवरच आहे.