खरा हमाल

झुलाल बहुरूपी जळगावच्या कापसाच्या जिनमध्ये हमालीचे काम मागायला गेला, तेव्हा पुना मुकादम पोट धरून हसला. त्यात त्याची चूक नव्हती. गेल्याच हंगामात हाच झुलाल स्वराज्यातला नवा फौजदार बनून आला होता आणि पुनाने त्याला स्वतःच्या खाटेवर बसवून दूध पाजले होते.

"या खेपेला हमाल का? मुंडासंबी मळकं! झकास शे!"

"सोंग नाही, नाना. खरंच काम पाहिजे."

"हाई बी कसं अस्सल बोलस तू!"

सोंगांवर झुलालचे पोट भरत होते. अडचण भिकुबाईची होती. गावोगाव हिंडून कंटाळलेल्या या बायकोने स्टेशनामागे खोली घेतली होती आणि नवऱ्याला उंबऱ्यातच बजावले होते, "या खोलीत तुमच्यातला एकच माणूस राहील. कोणता, ते तुम्ही ठरवा." उद्या दुपारी ती भाकर घेऊन जिनवर येणार होती. मुकादमाने झुलालला आपला हमाल म्हटले तर ठीक. नाहीतर भाकरीसकट ती माहेरी, चाळीसगावला.

झुलाल इरेला पेटला. सरकीची पोती त्याने दिवसभर दम न घेता वाहिली. बाकीचे हमाल कामे टाकून तमाशा पाहत बसले. संध्याकाळी मालक बन्सीलाल शेठ गादीवरून उठून आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर नवे उपरणे घातले.

"बक्षीस घे. पण एक खोट राहिली, झुलाल. खरा हमाल कधी इतका राबतो का?"

जिनमधले सगळे हसले. झुलालच्या मनाला मात्र ते लागले. त्याच्या सोंगात आजवर कोणी खोट काढली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने दोनच पोती उचलली. तिसऱ्याला हात लावून ते ओले असल्याची तक्रार केली, चिमूटभर तंबाखू मागितली, मुकादमाच्या सात पिढ्यांचा पुटपुटत उद्धार केला आणि कपाशीच्या ढिगाआड जाऊन तो आडवा झाला. झोप डोळ्यांत औषधालाही नव्हती. तोंड अर्धवट उघडे, एक पाय दुसऱ्यावर टाकलेला. इतक्या निष्ठेने त्याने कोणतेच सोंग वठवले नव्हते.

"ऊठ रे ऐतखाऊ!" पुना गरजला. "मन्हा बठ्ठा हमालांमा तुन्हासारखा कामचोर दुसरा नही!"

झुलालने डोळे उघडले. पुनाच्या पाठीशी भाकरीचे फडके घेऊन भिकुबाई उभी होती.

"बाई, हाऊ तुमना मानूस का?" पुना तिच्यावरही खेकसला. "समजाडा त्याले. उद्या असाच झोपना तं काढी टाकसू!"

पुना तणतणत गेला. झुलालचा चेहरा आनंदाने असा फुलला होता, की तो लपवायला त्याला मुंडासे तोंडावर ओढावे लागले. भिकुबाई शेजारी बसली, तिने फडके सोडले आणि भाकरीवर ठेचा ठेवला.

"झोपलात की तुम्ही घोरता," ती हलक्या आवाजात म्हणाली. "उद्या घोरा."