सासूला मज्जाव

सासूबाई सरकारी नर्स होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बाजारात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. सगळ्यांच्या त्या 'सिस्टर'च. गरोदर बायकांना एकत्र बसवून काय खावं, किती विसावा घ्यावा हे समजावणाऱ्या सभा त्यांनी आपल्या भागात सुरू केल्या. पुढे सरकारनं त्या देशभर नेल्या. घरात तो विषय निघाला की सासरे म्हणायचे, "झालं, आता चहा विसरा."

सून धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत होती. गरीब देशांना मदत देणाऱ्या एका परदेशी निधीला हीच योजना इतर देशांत न्यायची होती. त्याआधी ती उपयोगी पडते का, हे तपासायचं काम नेमकं सुनेकडे आलं. तिनं साहेबांना नातं आधीच सांगून टाकलं. मग सासूबाईंचा भाग वगळून पाहणी झाली. सभा भरणाऱ्या आणि अजून न भरणाऱ्या गावांतल्या नवजात बाळांची वजनं घेतली. फरक नव्हता. सुनेनं आकडे उलटसुलट मांडून पाहिले, पण ते जागचे हलेनात.

शेवटी तिनं लिहिलं, 'परिणाम संमिश्र असून काही बाबतींत उत्साहवर्धक आहेत.'

साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. "काही बाबतींत म्हणजे कोणत्या?"

"बायकांना माहिती छान आहे. विचारलं की धडाधड सांगतात."

"आणि बाळांची वजनं?"

तिनं अहवाल उचलून परत पिशवीत ठेवला. साहेबांनीही ताणलं नाही. "सोमवारी पुन्हा लिहून आण," एवढंच म्हणाले.

रविवारी दुपारी सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सून शेजारी बसली.

"आई, सभांची पाहणी झाली."

"मग? काय निघालं?"

ती तेच संमिश्र, उत्साहवर्धक सांगू लागली. सासूबाईंनी हातातला टॉवेल खाली ठेवला.

"गुळमुळीत बोलू नकोस. पेशंटचं काही खरं नसलं की त्याच्या घरच्यांशी आम्ही असं बोलायचो."

"बाळांच्या वजनात काहीच फरक पडलेला नाही, आई."

सासूबाई उठून खिडकीशी गेल्या. आता बोलणी खावी लागणार, म्हणून सून मनाची तयारी करून बसली.

"का नाही पडला?" सासूबाईंनी पाठमोऱ्याच विचारलं.

गावोगावच्या बायकांनी सुनेला एकच गोष्ट सांगितली होती, तीच तिनं आता सांगितली. "सभेतलं सगळं त्यांना पाठ आहे. पण ताटात काय वाढायचं आणि पाणी कुणी भरायचं, हे ठरवते सासू. आणि सभेला सासूच नसायची."

सासूबाई गर्रकन वळल्या. "असेल कशी? मीच येऊ देत नव्हते! पोरींना मोकळं बोलता यावं म्हणून एकेकीला दारातूनच वाटेला लावायचे. तो नियमच माझा, सरकारनंही तोच उचलला!" आणि त्या एकाएकी हसायला लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. सून उठून जवळ गेली.

"पण पोरी बोलायच्या गं," डोळे पुसत सासूबाई म्हणाल्या. "आईशी बोलणार नाहीत असं बोलायच्या. ते मोजलंत का तुम्ही?"

"नाही मोजलं."

"मग नाही मोजलं म्हणून लिही. आणि वजनांचं आहे तसं लिही. दुसऱ्या देशांतल्या बायकांनी कशाला पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं?"

सोमवारी सुनेनं आडपडदा न ठेवता लिहून दिलं. निधीनं योजना इतर देशांत न्यायचं तूर्त थांबवलं आणि आधी इथल्याच काही गावांत सासवांना बरोबर घेऊन सभा भरवून पाहायचं ठरवलं. सासूबाई मात्र काही दिवस सभांचं नाव निघालं की उठून आत जायच्या. सुनेनंही छेडलं नाही.

एका संध्याकाळी नव्या सभांचा मसुदा टेबलावर पडला होता. सासूबाईंनी तो उभ्या उभ्याच चाळला, मग खुर्ची ओढून बसल्या आणि सुनेला हाक मारली.

"'सासूची आडकाठी' हा मथळा कुणी दिला?"

"मी दिला," सून ओशाळून म्हणाली.

"असं लिहिलंस तर एकही सासू उंबरठा ओलांडून यायची नाही. मीसुद्धा नाही. खोड ते. पेन आण इकडे."