भोकाभोकांचा पापुद्रा

मी बोलतोय. इकडे, काचपट्टीवर. केसाहून पातळ, नखाएवढा प्लास्टिकचा पापुद्रा आहे मी, आणि अंगभर भोकं असल्याचा मला भारी अभिमान आहे.

माझा जन्म जानेवारीत, फ्रान्समधल्या म्युलूझ शहराच्या एका प्रयोगशाळेत झाला. सोलेन नावाची विद्यार्थिनी विरघळवलेल्या प्लास्टिकचा थेंब काचपट्टीवर सोडायची. तो सुकताना त्यात सारख्या आकाराची, ओळीत बसलेली भोकं पडायला हवी होती. महिनाभर ती पडतच नव्हती. माझी तेरा भावंडं गुळगुळीत निघाली आणि कचऱ्यात गेली.

"काचेवर काच बनवतेयस का?" प्राध्यापक मार्शाल म्हणाले. "आज दुपारी तीनला तुझं काम तपासायला समिती येतेय. भोकं दाखव, नाहीतर विषय बदल."

सोलेन फार काटेकोर. ओलाव्याने काम बिघडतं असं तिने स्वतःच ठरवलं होतं आणि फरशी पुसणाऱ्या वेंडलिंगबाईंना महिनाभर दाराबाहेर ठेवलं होतं. आत हीटरने हवा पार कोरडी झाली होती.

त्या दुपारी तिने मला काचपट्टीवर सोडलं, तेवढ्यात बाई गरम पाण्याची बादली घेऊन आत शिरल्या.

"मादाम, आत्ता नको ना."

"का? समितीला तुझ्या बुटांचे ठसे दाखवायचेत? पाय वर घे, पोरी."

वाफ उठली. सुकता सुकता मी गार पडलो होतो. वाफेचे बारीक थेंब माझ्या अंगावर येऊन बसले, मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरांसारखे एकमेकांना खेटून. मग ते उडून गेले आणि त्यांच्या जागा तेवढ्या राहिल्या.

"पांढरा पडला. बिघडवलात तुम्ही," सोलेन रडवेली झाली.

मला हसू येत होतं, पण मला तोंड नव्हतं, नुसती भोकं.

तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि ओळीत बसलेली भोकं मोजत सुटली.

"मादाम, जरा परत पुसाल?"

"कुठे?"

"इथेच. पुसलंय तिथेच."

"अभ्यास फार झालाय तुला," म्हणत बाईंनी पुसलं. माझा पाठचा भाऊही भोकांसकट जन्मला.

तीनला समितीने विचारलं, "काय बदललंत?"

"हवेतला ओलावा वाढवला," एवढं म्हणून तिला सुटता आलं असतं. तिचे कान लाल झाले.

"मी फरशी पुसू देत नव्हते. आज वेंडलिंगबाईंनी माझं ऐकलं नाही."

समितीत हशा पिकला. विषय मात्र तिचाच राहिला.

आता मी डबीत राहतो. पाहुणे नाक टेकेपर्यंत वाकतात आणि कौतुकाने माझ्यावर दमट श्वास सोडतात. एकच विनंती आहे, श्वास जरा आवरा. माझ्यात नव्या भोकाला जागा उरलेली नाही.