निघण्यापुरतं घर

माघ सरत आला होता. पठारावर अंजनी फुलली होती, निळी, गर्द निळी, फांदीफांदीला बिलगलेली. आणि खाली, दरीच्या कुशीत, धरणाचं पाणी पसरलं होतं. विस्तीर्ण पाणी. निश्चल पाणी. गावंच्या गावं पोटात घेऊन गप्प राहिलेलं पाणी. येणारा पाहुणा कड्यावर उभा राहून ते बघतो, तोंडभरून वाहवा करतो, फोटो काढतो आणि चहा पिऊन निघून जातो.

अशा त्या नीलधवल दुपारी एसटीतून दोघं उतरली. जयवंत वाघचौरे, चित्रकलेचा शिक्षक, वय एकतीस, खांद्यावर दोन पिशव्या. आणि मैथिली, हातात फक्त एक पर्स. लग्नाला आलेल्या मुलीच्या हातात नुसती पर्स, आता काय म्हणावं! पण रस्त्यात कुणी पाहिलंच तर बँकेत कामाला जाते आहे असं दिसावं म्हणून ती तेवढीच घेऊन निघाली होती.

आदल्या दिवशीची, रात्र एसटीत आणि स्टँडवर काढण्याआधीची गोष्ट. मिरजेतली निवांत, निद्रिस्त, निःशब्द दुपार. आई आतल्या खोलीत कलंडलेली. मैथिलीनं उतू जायला आलेलं दूध उतरवलं, गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं, चपला हातात घेतल्या आणि मागच्या दारानं बाहेर पडली. हे लग्न होऊ देणार नाही, असं वडिलांनी वर्षभरापूर्वीच सांगून टाकलं होतं, आणि ते बोलले की बोललेच. रडायला तिला वेळच मिळाला नाही, आणि मग रडू आलंच नाही.

उद्या गोरज मुहूर्तावर, पाण्याकाठच्या शिवमंदिरात, त्यांचं लग्न होतं. गुरवाशी बोलून ठेवलं होतं, नोंदणीचे कागद तयार होते. राहायचं कुठे, तेवढंच ठरायचं होतं. जयवंतच्या वहीत चार जागांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे त्यानं एकेक चौकोन काढून त्यात त्या खिडकीतून काय दिसत असेल ते रेखाटलं होतं. बिचाऱ्याला वाटत होतं, खिडकी चांगली मिळाली की सगळं मिळालं.

पहिली जागा कड्यावरची. काचेची भिंत, काचेपलीकडे अथांग, आरस्पानी, आभाळओलं पाणी. पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवलेले. जयवंत काचेपाशी गेला तो तिथंच थिजला. काउंटरवरच्या माणसानं अदबीनं ओळखपत्रं मागितली. मैथिलीनं आपलं काढलं, द्यायच्या आधी सहज वाचलं. नाव, वडिलांचं नाव, घराचा पत्ता. तिनं ते परत पर्समध्ये टाकलं आणि इथे नको म्हणाली.

दुसरी जागा पाण्याच्या काठावर, तंबूंची. समोर संथ लाटा, मागे करंजांची सावली, जागा मोठी देखणी. मैथिली तंबूपाशी आली, आत शिरायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच थांबली. तंबूला उंबरठा नव्हता. वर-खाली करायची एक चेन होती. ती सरळ झाली, आणि दोन दिवस मनात घोळत होतं ते तिनं तिथं उभ्या उभ्या बोलून टाकलं.

"मला पुढच्या दारानं निघायचंय, जयवंत. उजेडी. कुणीतरी ओटी भरून, पाठीवर हात ठेवून जा म्हणायला हवं. चोरासारखी निघाले, तशीच बोहल्यावर नाही उभी राहणार मी."

मग हलक्या आवाजात तिनं उरलेलंही सांगितलं. तसं घर मिळालं नाही, तर उद्या सकाळी सातच्या एसटीनं ती परत जाणार होती. रागानं नाही आणि रुसूनही नाही. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, जिवापाड होतं. पण ज्या मुलीला कुणी पाठवलंच नाही ती पोहोचणार कुठे, हे तिला उलगडत नव्हतं. जयवंतच्या हातातली वही मिटली गेली.

तिसरी जागा पाहायची म्हणून पाहिली. होडीवाल्या धोंडिबा शेलारची खोली, पाण्याला पाठ करून बांधलेली. आत एक बाज, एक कंदील, मातीचा माठ आणि डोंगराकडे तोंड केलेली वीतभर खिडकी. जयवंतनं तिच्यातून पाहिलं. वाळलेलं गवत, तांबडी माती, पुन्हा वाळलेलं गवत. इथून काहीच दिसत नाही, असं म्हणून तो बाहेर आला. धोंडिबा होडीच्या फळीला डांबर लावत बसला होता. त्यानं मान वर केली आणि दिसत नाही ते खरंच आहे म्हणाला.

चौथं घर चढावर, मध्यावर. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, समोर सारवलेली पडवी आणि तिथून सगळं, सगळं पाणी. ऊन कललं होतं. पाण्यावर सोनेरी, तांबूस, केशरी पट्टे थरथरत होते. लांब, मधोमध, एका वठलेल्या आंब्याचा शेंडा वर आलेला. जयवंतचा चेहरा उजळला. त्यानं मैथिलीकडे पाहिलं; ती पाण्याकडे बघतच नव्हती. ती घराचं पुढचं दार बघत होती, आणि ते आतून अडसर लावून बंद होतं.

परसाकडून हौसाबाई उतेकर आल्या. साठी उलटलेली बाई, ताठ कण्याची, कपाळावर हिरवं गोंदण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुलगे मुंबईला. आल्यागेल्याला त्या एक खोली राहायला देत, पिठलं-भाकरी करून घालत. पण सगळ्यांची ये-जा मागच्या दारानं. पुढचं दार उघडत नाही, एवढंच त्या सांगत, आणि पाहुणे पुढे विचारत नसत.

त्यांनी दोघांना न्याहाळलं, मैथिलीचा मोकळा गळा न्याहाळला आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "लगीन झालंय का?"

उद्या आहे, जयवंत म्हणाला.

"मग आज एका छपराखाली कसं चालंल?"

जयवंतला वाटलं, संपलं. इथेही दार बंद. पण हौसाबाईंचा हिशेब निराळाच होता. आमच्यात नवऱ्या मुलाचा जानवसा वेगळा असतो, त्या सांगू लागल्या. मुलीच्या मांडवाखाली त्यानं आधी येऊन राहायचं नसतं. खाली धोंडिबाची खोली मोकळी आहे, तिथे त्यानं उतरावं. मुलगी इथे राहील. उद्या इथून निघेल, देवळात लग्न लागेल आणि मग ती नवऱ्याच्या छपराखाली जाईल. निघायचं घर आणि पोचायचं घर एकच असलं तर बाई गेली कुठे म्हणायची? एवढं बोलून त्या चहा ठेवायला वळल्या.

किती साधी गोष्ट! चार जागा पालथ्या घालून दोघं एक घर शोधत होती, आणि पाहिजे होती दोन. चूक जयवंतच्या लक्षात आली. त्यानं आपली पिशवी उचलली, दुसरी मैथिलीपाशी ठेवली. त्या पिशवीत त्यानं तिच्यासाठी घेतलेली हिरवी साडी होती. मग तो एकटा उतरणीला लागला.

पण मैथिलीनं अजून हो म्हटलं नव्हतं. ती चुलीपाशी बसली आणि विचारायचं नाही असं ठरवलेलं तिनं विचारलंच. पुढचं दार का उघडत नाही?

हौसाबाईंनी चहा गाळला, कप तिच्यापुढे सरकवला आणि मगच बोलल्या. लग्न होऊन त्या या घरी आल्या तेव्हा खाली पाणी नव्हतं, खोरं होतं; हिरवं, नांदतं, नाचणी-वऱ्याचं खोरं. पुढच्या दारात उभं राहिलं की माहेर दिसायचं. आई अंगणात धुणं वाळत घालायची तेही दिसायचं. दुसऱ्या पावसाळ्यात धरण भरलं. आधी शेत गेलं, मग अंगण, मग ओटा, मग दार. माणसं लांब कुठेतरी वसायला गेली, आई-बाप तिकडेच वारले. वर आलेला तो आंबा दारापुढचा.

"तवापासनं अडसर हाय. उघडून बघू काय?" त्या म्हणाल्या.

मैथिलीच्या हातातला चहा निवून गेला. तिचं माहेर आहे तिथेच होतं, पण तिला बंद होतं. यांचं उघडं होतं, पण नव्हतंच.

सकाळ झाली. धुकं उठलं, शुभ्र, संथ, पाण्याच्या अंगावरून सरकत उठलं. जयवंत सातच्या आधी थांब्यावर जाऊन उभा होता. मुलीला आता अंतरपाटापर्यंत पाहायचं नाही, असं धोंडिबानं बजावलं होतं. पण ती जाणार असेल तर निदान जाताना दिसावी. एसटी आली. दोन दूधवाले चढले, एक शिक्षिका चढली. घंटी वाजली, एसटी गेली, धूळ खाली बसली. जयवंत तिथेच दगडावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडला.

वरच्या घरात त्या वेळी हौसाबाई पुढच्या दाराच्या बिजागऱ्यांत खोबरेल सोडत होत्या. अडसर फुगून बसला होता. एकटीनं हलेना, तेव्हा मैथिलीनं हात लावला. दोघींनी मिळून तो ओढला. दार करकरलं, अडलं, पुन्हा करकरलं आणि उघडलं. आणि इतक्या वर्षांचं कोंडलेलं अंधारं माजघर प्रकाशानं, पाण्याच्या प्रकाशानं, हलत्या लखलखत्या प्रकाशानं भरून गेलं. हौसाबाईंनी डोळ्यांवर पदर धरला. थोड्या वेळानं तो बाजूला केला आणि त्या आंब्याकडे बघत राहिल्या.

मग दिवसभर त्या दमेपर्यंत राबल्या. जात्यावर हळद दळली, ती मैथिलीच्या गालांना, कोपरांना, पावलांना लावली. न्हाऊ घातलं. हिरवा चुडा भरला. मुलगी कधी पाठवली नव्हती त्यांनी. कुठे अडलं की क्षणभर थांबत, आपल्या आईनं काय केलं होतं ते आठवत आणि तसंच करत. दुपार कलती झाली तेव्हा, विधवेनं ओटी भरू नये म्हणतात ते बाजूला ठेवून, त्यांनी मैथिलीला पाटावर बसवून ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला एक जुना खण. तो त्यांच्या आईनं त्यांच्या ओटीत घातलेला होता.

न्यायला धोंडिबा आला, स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा. रात्रभर वरपक्ष सांभाळलेला माणूस आता मुलीचा मामा होऊन दारात उभा. दोन्हीकडचं एकट्यालाच व्हावं लागतंय, असं तो पुटपुटला, पण छाती फुगली होती. हौसाबाई मात्र देवळात येणार नव्हत्या. आईनं लग्न लागताना बघायचं नसतं. तिनं तुळशीला पाणी घालत बसायचं असतं. हे त्यांनी कोरडेपणानं सांगितलं आणि आई हा शब्द आपल्या तोंडून गेला हे त्यांना नंतर कळलं.

मैथिली उंबरठ्यापाशी आली. पुढचं दार. उघडं दार. उजेड अजून होता. तिच्या पाठीवर एक खरखरीत, हळदीनं पिवळा झालेला हात टेकला.

"जा, बाय," हौसाबाई म्हणाल्या. "सुखानं जा. आन् सणावाराला ये, म्हंजे झालं."

तेवढं ऐकलं आणि मिरजेच्या त्या दुपारपासून अडलेलं सगळं वाट फुटून बाहेर आलं. ती रडली. वळून, गळ्यात पडून, हुंदके देऊन, सासरी निघालेली मुलगी रडते तशी रडली. ती आईसाठी रडली, झाकून आलेल्या दुधासाठी रडली, आणि मग चपला पायात घालून उंबरठा ओलांडून गेली.

गोरजवेळ. धुळीची, घंटांची, घराकडे वळलेल्या गाईगुरांची वेळ. देवळात गुरवानं मंगलाष्टकं म्हटली, धोंडिबाच्या उपरण्याचा अंतरपाट दूर झाला आणि दोघांनी एकमेकांना पाहिलं. वर चढावर एक बाई तुळशीला तांब्या-तांब्यानं पाणी घालत होती. मंगलाष्टकं तिथवर ऐकू जात होती, आणि तुळशीच्या वृंदावनातून पाणी ओसंडून वाहत होतं.

दिवेलागणीला ती दोघं धोंडिबाच्या खोलीत आली. मैथिलीनं माप ओलांडलं; माप म्हणजे धोंडिबाचा पितळी गडवा, तांदळानं भरलेला. जयवंतनं कंदील लावला आणि त्याला एकदम ओशाळल्यासारखं झालं. एवढं निसर्गरम्य ठिकाण, एवढं थोर पाणी, आणि बायकोला आणलं कुठे, तर या आंधळ्या खोलीत. काही दिसत नाही गं इथून, असं तो म्हणत होता, तोच मैथिली खिडकीपाशी गेली.

काल तिथे वाळकं गवत होतं, तांबडी माती होती, आणि मातीच्या भिंतीचं एक घर त्या मातीतच मिसळून गेलं होतं. आज त्याचं पुढचं दार उघडं होतं. दारात दिवा होता. दिव्यापाशी कुणीतरी बसलं होतं आणि खाली, याच खिडकीकडे बघत होतं.

मैथिलीनं बांगड्यांचा हात बाहेर काढला आणि हलवला. वर, दिव्याच्या उजेडात, एक हात हलला.

मग अंधार उतरला. डोंगर गेला, पाणी गेलं, आभाळ गेलं. वीतभर खिडकीतून तेवढं एक दार दिसत राहिलं.